पन्नास वर्षांनी उघडायची पेटी

६ जानेवारी

सेक्रेटरी आला होता. वस्तीला पन्नास वर्षं होतायत म्हणे. चौकात एक पेटी पुरायची, ती पन्नास वर्षांनी उघडायची. पेटी मी करायची — स्टीलची, पाणी न शिरणारी. "ताई, तुमच्यासारखं वेल्डिंग वस्तीत आहे कुणाचं?" लोणी लावायला याला बरं जमतं!

चौकात पुरायची म्हणाला. त्याच चौकात, पाण्याच्या टाकीखाली, बावीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला चोर समजून मारून टाकलं. भरदुपारी. पोलिसांना एकही साक्षीदार मिळाला नाही. सेक्रेटरीला हे आठवलंच नाही, की आठवलं आणि त्याने गिळलं, कोण जाणे.

हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

९ जानेवारी

पत्रा कापला. अंगठा भाजला. आई म्हणाली, "ते काम करू नकोस." जेवलीही नाही मग.

१२ जानेवारी

शाळेच्या बाईंची कल्पना — घरटी एक पाकीट. मनात असेल ते लिहा, खाली सही करा, चिकटवा. उघडेल तेव्हा आपण कुणी नसू. बाईंच्या घराला ओल आहे, म्हणून सगळी पाकिटं माझ्याच कारखान्यात. सलूनवाला दोनदा विचारून गेला, "ताई, मधे कुणी उघडणार नाही ना?"

मी म्हटलं, "तुझी प्रेमपत्रं वाचायला मला वेळ नाही."

एरवी फिदीफिदी हसतो. आज नाही हसला.

१७ जानेवारी

झाकण बसतं का बघायचं होतं. वेल्डिंगचे चार टाके मारले. करपल्याचा वास आला! बाईंनी सकाळी येऊन पाकिटं पेटीत रचून ठेवली होती, मला सांगायची तसदी घेतली नाही. मीही आत बघितलं नाही. ग्राइंडरने टाके तोडून झाकण काढलं. वरची तीन पाकिटं तपकिरी पडून उकलली होती. विझवायला हातात घेतली. एकाखाली सलूनवाल्याची सही.

"मी एकदाच मारलं. काठी माझी नव्हती, मागून कुणीतरी हातात दिली. तो खाली पडल्यावर मारलं, त्यामुळे त्याला फार लागलं नसेल."

फार लागलं नसेल. धाकट्याचा जबडा कानापर्यंत सरकला होता. डावा डोळा जागेवर नव्हता. मी त्याला बुटांवरून ओळखलं.

१८ जानेवारी

सगळी उघडली. पाप लागायचं तर लागो.

बहुतेकांत नातवंडांना आशीर्वाद, झाडं लावा, पाणी जपून वापरा. सतरा पत्रं त्या दुपारी मारणाऱ्यांची आहेत. एकाने लाथ मारली. एकाने सायकलची साखळी. शिंप्याने कात्री उलटी धरून मूठ हाणली, "पातं मुद्दाम माझ्याकडे ठेवलं" असं वर लिहितो. एका बाईने गच्चीवरून वीट टाकली आणि आत जाऊन भांडी घासली. प्रत्येकजण म्हणतो, एकदाच.

शवविच्छेदनाच्या कागदावर बासष्ट जखमा होत्या. मग बाकीच्या कुणी केल्या रे?

१९ जानेवारी

सेक्रेटरीचं पत्र परत परत वाचतेय.

"टाकीची मोटर चोरीला गेली नव्हती. मीच सकाळी दुरुस्तीला दिली होती, लोकांना सांगायचं राहून गेलं. आरडाओरडा ऐकून आलो तेव्हा तो जिवंत होता. खरं सांगितलं असतं तर सगळे माझ्यावर उलटले असते."

धाकट्याच्या खांद्यावर पोत्यात माझं ड्रिल मशीन होतं. मीच आणायला पाठवलं होतं. पोत्यात मोटर आहे, असं कुणीतरी ओरडलं आणि संपलं.

२० जानेवारी

हातोडा घेऊन सेक्रेटरीच्या घरी गेले. तो मंडपवाल्याशी बोलत बसला होता. पहिला घाव टेबलावर बसला. दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज पत्र्यासारखा नसतो, ओला असतो. तो खाली बसला. डोकं माझ्या समोर आलं. खरं लिहिते — मला बरं वाटत होतं. तिसरा घाव डोक्यातच घालणार होते. मंडपवाल्याने मागून कव घातली. मी त्याला चावले, तरी त्याने सोडलं नाही.

सेक्रेटरी विव्हळत त्याला म्हणाला, "पोलिस नको. मी जिन्यावरून पडलो, असं सांग."

म्हणजे मी पत्र वाचलंय, हे कळलं त्याला.

२२ जानेवारी

सलूनवाला, शिंपी आणि आणखी चौघे दारात. हातात सळया. "पाकिटं द्या." शिंपी म्हणाला, "ताई, इतकी वर्षं तुमच्या सुखदुःखाला आलो ना आम्ही?"

आले होते. धाकट्याला खांदाही यांनीच दिला होता. हे आज त्यांना दारात बघून आठवलं.

गॅस-कटरची ज्योत पेटवून उंबऱ्यावर उभी राहिले. सलूनवाला पुढे आला. त्याची बाही पेटली, कातडी सोलवटली. ओरडत पळाला. बाकीच्यांनी जाता जाता दगड मारले. एक खिडकीतून आत आला तो आईच्या कपाळावर. डॉक्टरांनी चार टाके घातले. आई एकदाही हाय म्हणाली नाही.

२४ जानेवारी

उद्या कार्यक्रम. ठरलं. पेटी पुरायच्या आधी माईक हातात घेणार आणि सतरा पत्रं आणि सेक्रेटरीचं, सगळी नावानिशी वाचणार. मध्ये येईल त्याला आडवा करीन. मग मला तुरुंगात घाला नाहीतर त्याच चौकात मारा. पन्नास वर्षं कशाला थांबायचं? यांना मेल्यावर माफी हवी आहे, फुकटात.

आईला सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, "असं काय बघतेस? तुला धाकट्याला न्याय नको का?"

तिने उशीखालून एक पाकीट काढलं. "बाईंकडे द्यायचं धाडस झालं नाही. सगळ्यांची वाचणार असशील, तर माझंही वाच."

२५ जानेवारी, सकाळ

आईचं पत्र —

"मुलगा मार खात घरापर्यंत आला होता. ताई, ताई म्हणत दार बडवत होता. कडी थोरलीने, त्याच्या ताईनेच, लावली. तिची लहान पोरं आत होती. मग लोकांनी त्याला परत टाकीकडे ओढत नेलं. कडी लावताना मी तिला मोरीतून पाहिलं, पण तिला कधी कळू दिलं नाही. तुम्ही हे वाचाल तेव्हा ती नसेल. तिला दोष देऊ नका."

या वहीतही मी हे कधी लिहिलं नव्हतं.

दहा वाजता माईक सुरू होईल. पहिलं हेच वाचते.