नऊ गुणांनी जिंकू म्हणालो त्याची गोष्ट

बॅलिगोर्म, जि. लिमरिक
सेंट पॅट्रिकच्या सणानंतरचा मंगळवार

प्रिय इमेल्डा हिला थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? डोकेदुखी थांबली का? नवीन चष्म्याने दुखत असेल तर जुनाच लाव, तुला तो शोभतही होता. फर्गसरावांचा रक्तदाब काय म्हणतो? त्यांना म्हणावं, लोणी कमी करा आणि बातम्या बंद करा. मोठ्या लेकीच्या बाळाला दात आले का? धाकटीची ऑस्ट्रेलियातून पत्रं येतात का, की फक्त फोटोच? तुमच्या कुत्र्याचा कान बरा झाला असेल अशी आशा करतो (तो मला चावला ते मी केव्हाच विसरलो आहे). इकडे माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण एकोणचाळीस वर्षं डेअरीचा टँकर चालवलेल्या माणसाचे गुडघे गप्प बसले तरच काळजी करायची. कोंबड्या अंडी देतात. छत एकाच ठिकाणी गळतं.

पत्र लिहायचं कारण तसं काहीच नाही. बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं, एवढंच. पण लिहायला बसलोच आहे, तर इकडे काय घडलं ते सांगून टाकतो. तुला ते दुसऱ्या कुणाकडून तरी कळेलच, आणि दुसरं कुणी सांगेल त्यात माझी बाजू असणार नाही.

तुला माहीत आहेच की रग्बीच्या युरोप कपात उपांत्यपूर्व फेरीला आमच्या मन्स्टरची गाठ तुमच्या लेन्स्टरशी पडली आहे, आणि तीही डब्लिनला. सोडत निघाल्या दिवसापासून गावात कुणाला दुसरा विषय नाही. तू लग्न होऊन डब्लिनला गेलीस त्याला आता चौतीस वर्षं झाली, त्यामुळे इकडची रीत विसरली असशील म्हणून आठवण करून देतो. आपला संघ जिंकेल असं आपल्याकडे तोंडाने कुणी म्हणत नाही. पाहुण्याने चहाला तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा कप पुढे करायचा, तसंच हे आहे. आपली पोरं कशी लंगडी आहेत, प्रशिक्षक कसा भांबावलेला आहे, हे रडून सांगायचं, आणि शेवटी हळूच एक डोळा मिचकावायचा. खरं काय ते त्या डोळ्यात असतं. (फर्गसराव सुरुवातीला आपल्याकडे आले तेव्हा बाबांचं रडगाणं खरं मानून त्यांनी त्यांचं सांत्वन केलं होतं, आठवतं? बाबा त्यानंतर वर्षभर त्यांना ‘तो भला माणूस’ म्हणत. कौतुकाने नव्हे.)

आता डिनीविषयी. डिनी लेसी, माझा वर्गमित्र, ज्याने तुला सायकल शिकवताना ओढ्यात पाडलं होतं तो. त्याच्या डोळ्यांत दीड वर्षापासून काहीतरी झालंय. मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा म्हणजे त्याला एक राखाडी डाग, पण त्या माणसाचे कान नीट दिसतात. म्हणून टीव्ही पाहायचा तर त्याला टीव्हीच्या हातभर डावीकडे बघावं लागतं. आता गॉबनेट शीडीच्या पबमध्ये टीव्हीच्या हातभर डावीकडे काय आहे? स्वतः गॉबनेट. विधवा होऊन तिला सहा वर्षं झाली आहेत. डिनी दर शनिवारी ऐंशी मिनिटं पापणी न हलवता आपल्याकडे पाहतो, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिसऱ्या शनिवारी तिने लिपस्टिक लावली. पाचव्या शनिवारी डिनीला न मागता हॅम सँडविच मिळालं. शेवटी मलाच सगळं समजावून सांगावं लागलं, आणि ते ऐकून ती म्हणाली, “मला काय करायचंय! मी ती लिपस्टिक ओठ फुटतात म्हणून लावते.” सँडविच मात्र बंद झालं.

तर मी डिनीच्या उजव्या बाजूला बसतो आणि त्याच्या कानात सामना सांगतो. कुणाकडे चेंडू आहे, कोण आडवा झाला, पंच कुणाकडे बोट दाखवतोय. गोलच्या खांबांमधून किक मारायची वेळ आली की मात्र मीही गप्प बसतो. ते तर तूही विसरली नसशील. किक आपली असो नाहीतर शत्रूची, खेळाडूने चेंडू टेकवला की आपल्या मैदानावरचे पंचवीस हजार लोक चर्चमध्ये बसल्यासारखे शांत होतात. गॉबनेटकडे तर टीव्हीवरच्या किकलाही शांत बसतात, ती नळ बंद करते आणि बर्फाला हात लावत नाही. तो खेळाडू चारशे मैलांवर असला तरी.

गेल्या शनिवारी दुपारी साधा लीगचा सामना होता, वेल्सच्या कुठल्यातरी संघाशी. पब भरलेला होता. त्यात डब्लिनचा एक माणूस होता, दूध काढायची यंत्रं विकणारा. इथलं काम संपवून सामना बघायला बसला होता, आणि गॉबनेटने त्याच्या कोटावरचा लेन्स्टरचा निळा बिल्ला पाहिला. मग मध्यंतरात सुरू झालं.

तो म्हणाला, “तुमचंच आहे हो यंदा, काकू. आमच्याकडे आहे कोण?”

“काकू कुणाला म्हणतोस? तुमच्याकडे अर्धा राष्ट्रीय संघ आहे. उरलेला अर्धा तुमच्याच बाकावर बसलाय.”

“त्यातल्या निम्म्यांचे गुडघे गेलेत.”

“गुडघे तरी होते ना जायला! आमच्या पोरांना स्क्रमच्या रेटारेटीत ढकललं की ती थेट पार्किंगात सापडतात.”

फादर लॅव्हेल मेयोचे, म्हणजे कॉनॉट प्रांतवाले. त्यांनी दोघांकडे करुणेने पाहिलं आणि म्हणाले, “लेकरांनो, आमचा संघ यंदा मोठ्या कपात नाहीच. छोट्या कपात आहे. तिथं हरलो तर कुणी विचारायलाही येत नाही.” याच्यापुढे कुणाचं काय चालणार? पण तो यंत्रवाला कसलेला होता. त्याने आपल्या कर्णधाराच्या खांद्याचं असं वर्णन केलं की दोन बायकांनी रुमाल काढले. गॉबनेटने आमच्या तीन जखमी खेळाडूंची नावं सांगितली, मग त्यांची ऑपरेशनं, मग त्यांच्या आयांची परिस्थिती. पंगतीत एकमेकांच्या ताटात जिलबी लोटावी तसा विजय इकडून तिकडे लोटला जात होता, आणि घ्यायला कुणी तयार नव्हतं.

मला मजा वाटत होती. मग सामना पुन्हा सुरू झाला आणि बघता बघता संपत आला. तेवढ्यात डिनी माझ्या बाहीला हात लावून म्हणाला, “कॉन, मी येत नाही डब्लिनला.”

“का रे?”

“ऐकलंस ना सगळं? पोरांचं काही खरं नाही. इतक्या लांब जाऊन त्यांना मार खाताना कशाला पाहायचं? त्यापेक्षा जे पाहिलंय तेच डोळ्यांपुढे राहू दे.”

इमेल्डा, त्याला डोळे मिचकावलेले दिसत नाहीत हे मला तोवर सुचलंच नव्हतं. दीड वर्ष हा माणूस पबमध्ये बसून फक्त रडगाणं ऐकतो आहे. आणि लिमरिकच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलंय की तो डाग वाढतो आहे. टीव्हीवरचं पुढच्या मोसमात फारसं उरणार नाही. मैदानावर मात्र त्याला अजून पुष्कळ कळतं. आपलं लाल कुठे आहे, त्यांचं निळं कुठे आहे, कोण कुणाला मागे रेटतंय, हे हिरव्यावर त्याला स्वच्छ दिसतं. यंदा जायलाच हवं होतं.

मी त्याला समजावू लागलो. हळू बोललो, तर पबमध्ये गोंगाट. थोडं मोठ्याने बोललो, तर तो म्हणाला, “काय?” मग मी पूर्ण छाती भरून श्वास घेतला. मी डिनीकडे पाहत होतो, टीव्हीकडे माझी पाठ होती. आमची पोरं दोन गुणांनी मागे आहेत, आमच्या माणसाने शेवटच्या किकसाठी चेंडू टेकवलाय आणि गॉबनेटने नळ बंद केलाय, हे मला कुठून कळणार? त्या पवित्र शांततेत माझा आवाज गेला:

“अरे बाबा, आपण जिंकतोय! नऊ गुणांनी!”

एक कुत्रं भुंकलं, तेवढंच. मग चेंडू खांबावर आपटून मैदानात परत आला. टण्ण असा आवाज झाला, तो अजून माझ्या कानात आहे. दोन गुणांनी हरलो. यंत्रवाल्याने आपली टोपी घातली, माझा हात हातात घेऊन दाबला आणि “आभारी आहे, काका” म्हणून निघून गेला.

खटला तिथल्या तिथे चालला. डब्लिनला जाणाऱ्या बसची वही गॉबनेटकडे असते. मैदानात बाहेरगावच्या संघाला थोडीच तिकिटं मिळतात, आणि आमच्या वाट्याची सगळी तिच्या बसबरोबर येतात, त्यामुळे वहीत नाव नाही म्हणजे तिकीटही नाही. ती म्हणाली, “कॉन, माझ्या मनात तुझ्याविषयी काही वाईट नाही. पण तू बसलास तर आमची बस वाटेतल्या नीना गावाच्या पुढे जायची नाही.” आणि तिने पेन्सिलीने नव्हे, पेनाने माझं नाव खोडलं. मग डिनी उठला, तिच्या हातभर उजवीकडे पाहत म्हणाला, “माझंही खोड.”

“तू काय केलंस?”

“हा बोलला, मी विश्वास ठेवला. गुन्हा दोघांचा.”

तिने खोडलं. (नंतर तिचे डोळे लाल होते असं फादर म्हणतात. मला ती कांदे चिरताना दिसली होती.)

त्यानंतर मी प्रायश्चित्त म्हणून काय काय केलं ते सांगत बसत नाही. गावभर फिरून आपण हरणार, असं सांगितलं. पोस्टात सांगितलं, दवाखान्यात सांगितलं. फादरकडे कबुली द्यायला गेलो तर ते जाळीमागून म्हणाले, “निराशा हे पाप आहे, कॉन, पण रग्बीत ती सभ्यता समजतात.” शेवटी गॉबनेटला जाऊन सांगितलं की तीस गुणांनी हरू. ती म्हणाली, “आता फार झालं. बाहेरच्यांना खरं वाटेल.”

आणि तुमच्या डब्लिनच्या लोकांविषयी काय सांगू? ते मैदानावर सामना पाहायला येतात की दाताच्या डॉक्टरांचं संमेलन भरवायला, हे मला अजून कळलेलं नाही. खुर्चीवर ठेवलेला फुकटचा झेंडा हलवायचा, टोपलीतून चीज काढायचं, सत्तराव्या मिनिटाला गाडी काढायला उठायचं. फर्गसराव वीस वर्षं त्यांच्यात बसतात, त्यामुळेच त्यांचा रक्तदाब वाढला असावा. असो.

सर्वांना माझा नमस्कार आणि बाळाला गोड पापा.

तुझा भाऊ,
कॉर्नेलियस

ता. क. फर्गसरावांच्या वार्षिक तिकिटावर त्या मैदानात शेजारी शेजारी दोन खुर्च्या आहेत, असं तू मागे कधीतरी म्हणाली होतीस. सहज आठवलं. त्या दिवशी तुम्हा दोघांना दुसरं काही काम निघणार असेल तर त्या रिकाम्या राहू नयेत, एवढंच माझं म्हणणं. आम्ही निळे मफलर घालू. आमच्या पोरांनी ट्राय करून गुण मिळवलेच तर आम्ही खोकू.

ता. क. २. दाताच्या डॉक्टरांचा परिच्छेद फर्गसरावांना वाचून दाखवू नकोस. ते फार भले गृहस्थ आहेत (हे मी बाबांच्या अर्थाने म्हणत नाही).

ता. क. ३. हे फक्त तुझ्यासाठी. डिनी मला म्हणाला की मी येत नाही, तेव्हा मी वळून खोलीभर नजर फिरवली होती. गॉबनेटकडे पाहिलं, फादरांकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या सगळ्यांकडे पाहिलं. कुणीही डोळा मिचकावत नव्हतं, इमेल्डा. यंदा पोरांचं खरोखरच काही खरं नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं. डिनी मात्र रोज सकाळी मला विचारतो, “नऊ म्हणालास ना?” आणि मी म्हणतो, “निदान नऊ.”

तेव्हा पत्राचं उत्तर परतीच्या टपालाने लिही. फर्गसराव नाही म्हणाले, तर मात्र घाई करू नकोस, अगदी सावकाश लिही. डिनीला तेवढेच चार दिवस जास्त मिळतील.