द्रोणातला मका

गिरगाव,
वैशाख वद्य पंचमी, शके १८१६

प्रिय सुनंदा,

या खेपेला पत्र अप्पांच्या हातचं नाही, माझ्या हातचं आहे, म्हणून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. अप्पा पाकिटावर तुझ्या नावाआधी 'गंगाभागीरथी' लिहितात, ते मी लिहिलेलं नाही. विधवा मुलगी आहे हे टपालवाल्याला कळून काय करायचंय? नुसतं नाव पुरे. अक्षर वेडंवाकडं आलं तर माझ्या शाळेतल्या बाईंना बोल लावू नकोस, परवापासून माझा हातच ठिकाणावर नाही. हात नाही आणि डोकंही नाही. काल वरणात दोनदा हिंग घातला.

मालन परवा दुपारी पोचली. वाठारपर्यंत टांगा आणि तिथून आगगाडी, आणि दिवस असे अवघडलेले, तरी तुझी वहिनी अगदी टवटवीत. बाळंतपणाला परळला माहेरी जायचं, पण आधी सासरी पाया पडून जावं म्हणून तिच्या भावाला घेऊन इथे उतरली. तुझ्या हातचं खाऊन अंगावर तेज चढलंय तिच्या, हे मी तिच्या तोंडावर बोलले नाही, तुला सांगते. हातात टोपली, टोपलीत ओलं फडकं, फडक्यात कणसं. मी म्हटलं, महाबळेश्वराहून एवढी लांबून आलीस आणि आणलंस काय, तर मका! तो काय भायखळ्याच्या बाजारात मिळत नाही? ती हसली आणि म्हणाली, आधी उकडा तर खरं. उकडलं. एक दाणा तोंडात टाकला आणि मी तशीच बसून राहिले. मका असा गोड? तुझ्या आत्याबाईंनी तर दोनदा विचारलं की पाण्यात गूळ कुणी घातला.

मग झोपाळ्यावर बसून मालननं सगळं सांगितलं. मनमोहनच्या साहेबानं अमेरिकेहून बी मागवलं आणि कचेरीतल्या ज्यांच्या घराला परसू आहे त्यांना मूठ मूठ दिलं. मनमोहननं ते माघातच अळं करून पेरलं. वरची ती थंडी, जमीन गारठलेली, बी जागच्या जागी कुजून गेलं. पुन्हा पेरलं, पुन्हा कुजलं. उरलेलं बी बघून तो म्हणाला की हे मुळातच मेलेलं असणार, दाणे बघा कसे सुरकुतलेत, आणि कोंबड्यांना टाकायला निघाला. त्याचं तरी काय चुकलं? आपण बी निवडतो ते भरलेलं, टपोरं. सुरकुतलेला दाणा सुपातून बाहेर, हे मीच तुम्हा दोघा भावंडांना शिकवलं. पण तू ते मागून घेतलंस. चार दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीमागच्या फळीवर ठेवलेस, आणि त्यांना मोड आले. या जातीचा दाणा वाळला की असाच सुरकुततो, हे तेव्हा कुठे सगळ्यांना समजलं.

पुढचं मी मालनकडून तीन वेळा वदवून घेतलं. पळसाच्या पानांचे द्रोण लावलेस, द्रोणात माती आणि कुजलेलं शेणखत, एकेका द्रोणात एकच दाणा. पाणी नुसतं शिंपडायचं, ओतायचं नाही, कारण गार ओलीत तो लगेच सडतो. अंगणातला गारठा सरेपर्यंत रोपं घरात ठेवलीस आणि मग द्रोणासकट मातीत पुरलीस, मुळाला धक्का नको म्हणून. मनमोहनला वाटेच्या कडेनं शोभिवंत रांग हवी होती, तू चौकोन धरलास, तुऱ्याची धूळ शेजारच्या कणसावर पडली नाही तर दाणे विरळ भरतात म्हणून. एवढं सगळं डोकं तुला कुठून आलं गं? अप्पा म्हणतात त्यांच्याकडून. म्हणू देत.

पण द्रोण घरात ठेवले ते कुठे, तर देवघरात. देवघराची भिंत चुलीला लागून, आत अखंड नंदादीप, तिथली ऊब मोडत नाही, म्हणून. मालन हे अगदी सहज बोलून गेली आणि माझ्या हातातलं कणीस खाली पडलं. विधवेनं देवघरात माती नेली, तीत बी घातलं, आणि ते उगवलं! मला ते तीन वर्षांपूर्वीचं नवरात्र आठवलं, तुलाही द्रोण भरताना आठवलं असेलच.

आपल्या घरचा घट मी बसवते, सासूबाईंच्या माघारी मीच. त्या वर्षीही पहाटे मीच परडीत माती पसरली आणि आत्याबाईंनी कोठीतून काढून दिलेल्या वाटीतलं धान्य पेरलं. तू फक्त आदल्या दिवशी देवघर सारवून दिलं होतंस. नऊ दिवस गेले, एक कोंब वर आला नाही. दसऱ्याला कुणाच्या कानात खोवायला पातं नाही, काळी माती तशीच्या तशी. वाडीतल्या बायका सोनं द्यायला आल्या आणि देवघरात डोकावून पाणीही न पिता परतल्या. त्याच महिन्यात अप्पांना ताप भरला. मग सारवण कुणी केलं होतं ते निघालं, आणि सगळ्यांना कारण सापडलं. दिवाळीनंतर मनमोहनबरोबर तुला वर पाठवलं, हवापालटाला म्हणून. तीन वर्षांचा कुठे हवापालट असतो?

परवा मी मालनला एवढंच विचारलं की फडक्यात आधी चार दाणे बांधून बघायची ही रीत सुनंदानं कुठून काढली. ती म्हणाली, 'सासूबाई, वन्संना मी विचारलं तर हसत म्हणाल्या, बी जिवंत आहे की नाही ते आधी बघावं, आमच्याकडे एकदा भाजणीचे गहू घटात पेरले होते.' आणि मग तिनं जीभ चावली. तू तिला शपथ घातली होतीस म्हणे. पण आता भांडं फुटलं ते फुटलं. मी खोदखोदून विचारलं आणि तिनं सगळं ओकलं. दसऱ्याला देवघर आवरताना वाटीच्या तळाला राहिलेले दाणे तू सवयीनं तोंडात टाकलेस आणि ते कुरकुरीत लागले. मनमोहनच्या फराळासाठी भाजणीचं धान्य भाजून, दळायचं म्हणून ठेवलं होतं, त्याच डब्यातलं ते. भाजलेला गहू कधी उगवतो का गं? नऊ दिवस काय, नऊ वर्षं पाणी घातलं असतं तरी उगवला नसता. मी पेरला, माझ्या या हातांनी, आणि पहाटेच्या दिव्यात मला त्याचा रंग कळला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते आपल्या घरात घडलं, आणि संन्यासी मूग गिळून गप्प!

तुझा राग आला, खरं सांगते, आधी तुझाच आला. तोंड नव्हतं का तुला? मला एकटीला गाठून सांगता येत नव्हतं? आणि मग माझी नजर समोर गेली. आत्याबाई कणसाचे दाणे सोडवत होत्या, त्यांची बोटं थांबली होती. त्यांचा मोतीबिंदू तेव्हाच वाढला होता, आपण कुणी पाहिलं नाही. तू पाहिलंस. बाराव्या वर्षी नवरा जाऊन माहेरी परत आलेली बाई, उभा जन्म या घरात काढला, आणि मान कसला तर कमरेच्या कोठीच्या किल्ल्यांचा. डबा चुकला हे कळलं असतं तर अप्पांनी त्याच दिवशी किल्ल्या काढून घेतल्या असत्या. मग त्यांनी कोपऱ्यात बसून जपमाळ ओढायची. तू त्यांच्या किल्ल्या राखल्यास आणि स्वतःचं घर सोडून गेलीस. मी जन्म दिला तुला, तुझ्या पोटात एवढं मावतं हे मला माहीत नव्हतं. मालनसमोर मी रडले, रडले तर रडले.

तुळसा कोळीण दारात पाटी घेऊन हाका मारत राहिली आणि कुणी ओ देईना म्हणून निघून गेली. आत्याबाई उठल्या. भिंत चाचपत ओटीवर गेल्या. अप्पा वर्तमानपत्र वाचत होते, त्यांच्यासमोर उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, 'ती वाटी मी भरली होती. डबा चुकला माझा. पोर निर्दोष आहे.' अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता म्हणतील, सुनंदाला बोलवा. म्हणाले काय, तर 'झालं ते झालं, ही गोष्ट चार भिंतींत राहू दे. लोकांना काय सांगणार?' सुनंदा, गहू भाजके निघाले त्याचा एवढा धक्का बसला नाही मला, जेवढा या वाक्याचा बसला. एवढी वर्षं संसार केला या माणसाशी.

पण ते बोलेपर्यंत आत्याबाई ओटीवर होत्याच कुठे? त्या विहिरीवर पोचल्या होत्या. वाडीतल्या साऱ्या बायका चारच्या पाण्याला जमलेल्या. मी मागून धावले तोवर त्यांनी खणखणीत आवाजात सांगून टाकलं होतं, 'त्या साली आमच्या घटात मी भाजणी घातली, आंधळी मी. देवी कोपली नाही नि कुणाची सावली पडली नाही. आता जिला जे बोलायचं ते मला बोला.' घरी येऊन त्यांनी कमरेचा जुडगा सोडला, कोठीला कुलूप घातलं आणि जुडगा देवघरातल्या खुंटीला अडकवला. आणि म्हणाल्या, सुनंदा येऊन काढील, तोवर कुणी हात लावायचा नाही.

म्हणून हे पत्र. गणपतीला चार दिवस पाहुणी म्हणून येईन, असा निरोप तू मालनबरोबर पाठवलास. तो मी ऐकलेला नाही. तू राहायला ये, आणि पावसाच्या आत ये. बियाण्यासाठी दोन कणसं परसातल्या मक्याच्या ताटांवरच वाळवायला ठेवली आहेस म्हणे, ती घेऊन ये. यंदा घटात तोच मका पडेल आणि तो तुझ्या हातनं पडेल, नाहीतर या घरात घट बसणार नाही, असं मी अप्पांना सांगितलंय. देवीला चालेल का ते विचारायला ते सकाळी भटजींकडे गेलेत. भटजी काय म्हणायचं ते म्हणोत. काल टोपलीतलं शेवटचं कणीस उकडून अप्पांच्या पानात वाढलं, एक दाणा सोडला नाही त्यांनी. आता घरात काही उरलेलं नाही, कोठीचं कुलूप तसंच आहे आणि आज मी शेजारून मीठ उसनं आणलंय. लवकर ये.

तुझीच वाट पाहणारी,
आई