दौतीची चिंच

३ डिसेंबर

ज्योत्स्ना सूर्यभान काळमेघ, तुझ्या नावाआधी आता 'कै.' लावतात. इतिहास समितीचे पत्र आले आहे. अंजनगाव सुर्जीच्या इतिहासाची तुझी वही मी तपासून द्यावी. ३० तारखेला, तहाच्या दिवशी, पुस्तिका निघणार. सोबत वाचनालयामागच्या तुझ्या खोलीच्या दोन किल्ल्या. त्याच दिवशी खोली रिकामी हवी. शोकाची मुदतही आता समितीच ठरवते!

५ डिसेंबर

अकरा वर्षे दर बाजाराच्या दिवशी तू त्या खोलीत बसलीस. बाजाराला आलेल्या म्हाताऱ्यांना पान द्यायचे, मग ते सांगतील ते लिहून घ्यायचे. अंगात ताप असतानाही गेलीस. "आज बाजार आहे," एवढेच बोललीस. परत आलीस ती रिक्षात आडवी.

या गावाला मी क्षमा करणार नाही.

८ डिसेंबर

वही उघडली. सांगणाऱ्याचे नाव कुठेच नाही, केवळ क्रमांक. "नाव दिसलं की माणूस खरं-खोटं आधीच ठरवतो," असे तू म्हणायचीस. मी चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. मला पुरावा लागतो. इथे मराठे-इंग्रजांत झालेला १८०३ चा तह कागदोपत्री आहे, तो ठेवला. परंतु क्रमांक १ ची ही कथा — तह लिहिताना कारकुनाची दौत सांडली, म्हणून वेशीजवळच्या चिंचेचा बुंधा काळा! बुंधा काळा पडतो तो बुरशीने! लाल शाईने खोडले. समासात लिहिले : "निराधार. सांगणारा थापाड्या."

१३ डिसेंबर

समितीचे खुशालराव घरी आले. "सर, राहू द्या न तेवढी चिंच. रस्ता रुंद होऊन राहिला. पुस्तकात आली त झाड वाचते." झाड वाचवायचे तर झाड म्हणून वाचवा, मी म्हणालो, खोट्याच्या आधाराने नव्हे. चहा संपवून उठताना म्हणाले, "बाई आयकत होत्या, सर. तुमी तपासता."



१४ डिसेंबर

दिवसभर कोणी आले नाही. बरे झाले.

२३ डिसेंबर

चिंच तोडली. दोन तास लागले. मी उभा होतो — का, ते सांगता येत नाही. दर्यापूरची जीप चालवणारा अब्दुल गफ्फार जवळ आला. "सर, लाल शाई कावून मारली? आता सवारीले कुठं उतरा म्हनू?"

"बस थांब्यावर म्हणा."

तो हसला नाही. "चिंचेची गोष्ट कोनं सांगतली, इचारलं त बाई लाजत होत्या."

लाजत होत्या! वयाच्या चौसष्टाव्या वर्षी! कोण हा क्रमांक १? जेवण गेले नाही.

३० डिसेंबर

पुस्तिका निघाली. सोळा पाने. चिंच नाही.

खोली रिकामी करताना कपाटाच्या तळाशी सांगणाऱ्यांची यादी सापडली. तुझे अक्षर :

"क्र. १ — हे. लग्नानंतरची पहिली संध्याकाळ, चिंचेखाली. माहेरच्या आठवणीने मी रडत होते. हसावे म्हणून सांगितले. हसले."

मी विसरलो होतो.

खोलीला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या खुशालरावांकडे परत केल्या.