ज्यो ओव्हाळची प्रॉम्प्टर

तुंगार्ली, लोणावळा
१२ डिसेंबर २०२५

प्रिय ज्योत्स्ना,

अमेरिकेच्या जिभेला तुझं नाव पेलवलं नाही म्हणून तू तिकडे ज्यो ओव्हाळ झालीस, पण हे पत्र ज्योत्स्नाला आहे. ज्योबाईंनी वाचलं तरी माझी हरकत नाही, कुणीतरी वाचा म्हणजे झालं. आठ महिन्यांत तुला किती फोन केले ते मोजायचं मी जूनमध्येच सोडलं. मेलना उत्तर नाही, निरोपांना उत्तर नाही. माझा भाचा पवन न्यू जर्सीहून दोनदा तुझ्या इमारतीत येऊन गेला, तुला ठाऊकच असेल. खालचा पहारेकरी त्याला म्हणाला, बाई आत आहेत, किराणा दाराशी ठेवला की उचलून घेतात. दुसऱ्या वेळी पवनने दार वाजवलं तेव्हा आतून पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. पाच मिनिटं तो बाहेर उभा, तू आत उभी. मग तो परत गेला. त्याने मला हे सांगितलं त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबतो. मनात काय येतं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितेच. तू जिवाचं काही बरंवाईट करून घेशील, अशी मला भीती वाटते.

मावशी बरी आहे. म्हणजे तुझी आई ब्याऐंशीव्या वर्षी जितकी बरी असायला हवी तितकी. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत, जीभ तर फारच शाबूत. तू तुंगार्लीला हा बंगला घेऊन दिलास तेव्हा ती म्हणाली होती, "एवढ्या खोल्या झाडायच्या कुनी?" आता एक खोली तिची, एक माझी, बाकीच्या बंद. मी तिच्याकडे राहायला आले त्याला सहा वर्षं झाली, तरी अजून ती मला पाहुणी समजून पहिला चहा मलाच देते. शनिवार-रविवारी शेजारच्या बंगल्यांत पर्यटक गाणी लावून नाचतात आणि ती खिडकीत बसून त्यांच्या पायांना नावं ठेवते. सकाळी मात्र रोज तुझी ती मालिका लावते, तू न्यायाधीश झालेली. आवाज बंद करून. मी एकदा आवाज वाढवला तर म्हणाली, "आवाज नगं गं. त्वांड बगू दे तिचं."

त्या नाटकाबद्दल आपण एकतीस वर्षांत एकदाच बोललो. आज मला सगळं बोलायचंय. तुझे वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कामगार, माझेही तिथेच, आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आपल्या वस्तीचं नाटक पुण्याला जायचं याचं किती अप्रूप होतं सगळ्यांना! तू नायिका आणि मी प्रॉम्प्टर, कारण माझा आवाज किरटा आणि अक्षर चांगलं. विंगेत स्टुलावर वही घेऊन बसायचं, नट अडला की पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द हळूच द्यायचे. दोनच. सगळं वाक्य दिलं तर नटाची लाज जाते, असं आपले दिग्दर्शक बजरंगभाऊ सांगायचे. आठवतात ना सोपानभाऊ? एक वाक्य कधी पाठ केलं नाही त्या माणसाने. गावचा पाटील रंगमंचाच्या मधोमध हवा, तर हे पूर्ण तीन अंक माझ्या विंगेला टेकून उभे. लोकांना वाटायचं पाटलाचं काहीतरी गुपित आहे.

शेवटच्या प्रवेशात शहरात सगळं गमावून आलेली मुलगी आईच्या बंद दारापाशी येते आणि म्हणते, "आई, मी आले. हरून आले, पण आले." तालमीत तू ते वाक्य दाराशी पोचताच म्हणायचीस. माझ्या वहीत जिथे थांबायचं तिथे पेन्सिलीचा त्रिकोण असायचा, आणि इथे त्रिकोण नव्हता. स्पर्धेच्या दिवशी तू दाराशी गेलीस आणि गप्प उभी राहिलीस. मी मोजायला लागले. पाच झाले, सात झाले. मला तुझी पाठ दिसत होती, तोंड नाही. नऊ झाल्यावर माझा धीर सुटला. दोन शब्द हळूच द्यायचे हे विसरून मी किरट्या आवाजात ओरडले, "आई, मी आले!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मग ये की आत!" सगळं थिएटर हसलं. पडदा पडेपर्यंत हसत होतं. तू विसरली नव्हतीस. तू रडत होतीस, खरंखुरं, आणि समोरच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावून तुझ्याबरोबर थांबल्या होत्या. हे मला नंतर चिमाबाईंनी सांगितलं, नाटकात आईचं काम केलेल्या. बक्षीस गेलं. तू वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस. तो त्रिकोण तू मला सांगितला नव्हतास हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात धरून होते. आता तेही सांगून टाकलं.

तुला शिष्यवृत्ती मिळाली, तू गेलीस, आणि तिकडून तुझं पहिलं पत्र आलं. त्यात लिहिलं होतंस, "इथे विंगेत कुणी नसतं, अनिता. तालमीत अडलं तर ओळ मागायची, प्रयोगात नाही. विसरलं की विसरलं." ते वाचून मी तुझ्यासाठी घाबरले आणि खरं सांगायचं तर सुखावलेही, तुला माझी आठवण आली म्हणून. मग धोबीखान्याच्या वरच्या त्या साठ खुर्च्यांच्या थिएटरातलं तुझं पहिलं काम आलं, ताट घेऊन जाणारी बाई, एकही शब्द नाही. हॉटेलात लोकांची ताटं उचलून संध्याकाळी रंगमंचावर परत ताटच, असं तूच लिहिलं होतंस. नंतर पडद्यावर मोटेलवाल्याची बायको झालीस, तेव्हा ते म्हणाले, थोडं अजून भारतीय बोला. देहूरोडची मुलगी अजून कशी भारतीय बोलणार, यावर आपण फोनवर किती हसलो होतो. मग डॉक्टर. मी मोजलंय, अकरा वेळा डॉक्टर. पांढरा कोट घालून कुणाला तरी वाईट बातमी सांगायची आणि निघून जायचं. मावशी चिडायची, "सारखी डाक्टरच का करत्यात हिला? शिकली आसती तर खरीच झाली आसती न्हवं!" पण तुझ्या वडिलांनी, केरबाकाकांनी, तुझ्या प्रत्येक डॉक्टरची आठवण ठेवली होती. ते गेले तेव्हा तू आधी त्या संध्याकाळचा प्रयोग केलास आणि मग विमान धरलंस. वस्तीत लोक बोलले. मावशीने एका शब्दाने दोष दिला नाही, उलट सगळ्यांना सांगत सुटली, लोक तिकीट काढून बसले होते, ती कशी येईल?

न्यायाधीशाच्या मालिकेने तुला चेहरा दिला, आणि पन्नाशी उलटल्यावर रंगमंचावर पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली. पुरस्काराच्या यादीत नाव आलं तेव्हा मी वर्गात पेढे वाटले आणि मुलांनी विचारलं, बाई, तुमची कोण लागते ती? मी म्हटलं, मी तिची प्रॉम्प्टर आहे. 'होते' म्हणायला हवं होतं. पोरांना प्रॉम्प्टर हा शब्दच कळला नाही, त्यामुळे फरक पडला नाही.

एप्रिलमधल्या त्या प्रयोगाला पवन होता. मी तुला आत्तापर्यंत हे सांगितलं नव्हतं. त्याने पहिल्यांदाच तुझं नाटक पाहायचं ठरवलं होतं, नवीन सदरा घालून गेला होता. तो म्हणाला, आत्या, दुसऱ्या अंकात त्या बोलता बोलता थांबल्या. आधी वाटलं, असंच असेल. मग समोरच्या नटाने त्यांचा हात धरला. मग त्या प्रेक्षकांकडे बघून काहीतरी पुटपुटल्या आणि चालत आत गेल्या, आणि पुढचं नाटक दुसऱ्या बाईने केलं. तिकडच्या बातमीत आलं, प्रकृतीच्या कारणाने. काय झालंय तुला? दमलीस, की वयामुळे होतंय, की डॉक्टरने काही नाव सांगितलंय त्याला? अकरा वेळा तू लोकांना वाईट बातमी सांगितलीस, तुला ती एकटीलाच कुणी सांगितली का गं?

आणि आता ते, ज्यासाठी मी तीनदा कागद फाडला. त्या प्रयोगानंतर तू मला फोन केला होतास. तुझ्याकडे रात्र, इथे सकाळचे साडेआठ. परीक्षेचे दिवस होते, काखेत पेपरांचा गठ्ठा, तळेगावला जायची लोकल गाठायची होती. मी हॅलो म्हटलं. पलीकडे तू बोलत नव्हतीस, पण श्वास तुझाच होता, तो मी विंगेतून हजार वेळा ऐकलाय. मी मोजायला लागले. नऊ झाले, वीस झाले. ज्योत्स्ना, त्या हसण्यानंतर मी कुणाच्याही गप्प राहण्यात कधी पडले नाही. सुहास, माझा नवरा, घर सोडून जाण्याआधी सहा महिने गप्प होता, मी तेव्हाही विचारलं नाही. मला वाटायचं, माणूस बोलेल त्याचा तो, आपण मध्ये तोंड घालून पुन्हा माती करायची नाही. तेव्हाही वाटलं, ही तुझी थांबण्याची जागा आहे, मी मोडायची नाही. पन्नासपर्यंत मोजलं. मग तू फोन ठेवलास आणि मी लोकल पकडली. लोकल पकडली मी! तुला एक शब्द हवा होता आणि तुझी प्रॉम्प्टर गप्प बसली. पहिल्यांदा बोलायचं नव्हतं तिथे ओरडले, आणि आता बोलायचं होतं तिथे मोजत बसले. संध्याकाळी मी उलटा फोन केला तो तू उचलला नाहीस, आणि नंतर कधीच नाही. मला क्षमा करू नकोस हवं तर, पण दार उघड.

परवा मी मावशीला सगळं सांगितलं. आठ महिने शूटिंग शूटिंग म्हणून फसवत होते, माझ्याच्याने होईना. तिने ऐकून घेतलं, मालिका बंद केली आणि म्हणाली, "बोलाया इसरली, मंग काय झालं? मला कुटं तिचं इंग्रजी कळतंय! नुसतं आई म्हन म्हनावं. तेवढं तरी पाठ आसंल न्हवं?" आणि मग तोंड फिरवून रडली, गेल्या पंधरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. पंचवीस तारखेला, बाबासाहेबांनी मूर्ती बसवली त्या दिवशी, देहूरोडला बुद्धविहारात जायचं म्हणून तिने तुझी पांढरी साडी पेटीतून काढून उन्हात टाकलीय. तू ये. काम करू नकोस, पाठ करू नकोस, सोपानभाऊंसारखी माझ्या विंगेला टेकून उभी राहा, मी जन्मभर शब्द देईन. पण ते पुढचं. आत्ता एवढंच कर. या पानांचे फोटो मी पवनला पाठवलेत, त्याने ते छापून तुझ्या दाराखालून आत सरकवलेत. आमच्या ठरल्याप्रमाणे, तू हे वाचते आहेस तेव्हा रविवारची सकाळ आहे, तो गेलेला नाही, दारापलीकडे जिन्यावर बसलाय. त्याच्या हातात फोन चालू आहे, आणि इथे तुंगार्लीत दुसऱ्या टोकाला मावशी माझा फोन कानाशी धरून बसलीय, मी तिच्या शेजारी वही घेऊन. तिला सांगून ठेवलंय, कितीही वेळ लागला तरी ठेवायचा नाही. या वेळी मी मोजणार नाही, ओरडणार नाही आणि गप्पही बसणार नाही. नियमाप्रमाणे पहिले दोन शब्द देते, पुढचं तुझं. आई, मी…

तुझीच,
विंगेतली अनिता