सारसाच्या वाटणीचं पाणी

बाई, गेल्या महिन्यात एका बैठकीत तुमची फार आठवण झाली. दुर्मिळ होत चाललेल्या एका प्राण्यासाठी सबंध खोरं कसं सांभाळायचं, गवत, नाले, शेती, माणसं सगळं एकत्र धरून, असा मोठा आराखडा पडद्यावर दाखवत होते. लोक माना डोलवत होते आणि मला आपलं हसू येत होतं. हे सगळं मी पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास लकडगंजात, तुमच्या स्वयंपाकघरात ऐकून बसले होते. बाहेर आरागिरणीचा आवाज, ओल्या सागाचा वास, आणि तुम्ही पुडाच्या वड्या तळता तळता माझ्या प्रबंधाची चिरफाड करताय. मी सारसावर पानंच्या पानं लिहून आणली होती. अंडी, पिसं, नाच. तुम्ही झारा हातात धरूनच विचारलंत, "काहून वं, सारस काय हवेवर जगते? तलाव कुठाय तुह्या लिहिण्यात? धान कुठाय? माणसं कुठायत?" मी रडवेली झाले, तर गरम वडी पुढे करून म्हणालात, "खाय आधी. मग रड."

तलाव भंडाऱ्याकडचा. त्यावर सारसांची एकच जोडी उरली होती आणि कित्येक पावसाळे तिचं पिल्लू जगलं नव्हतं. आणखी थोडे असेच गेले असते, तर त्या बाजूला सारस फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिला असता. म्हणून तुम्ही अधिकाऱ्यांच्या मागे लागून तलावाचा एक कोपरा बंद करवून घेतलात. ढिवरांनी तिथं जाळं टाकायचं नाही. वर्षभरात त्या कोपऱ्यात बेशरमाची झाडी अशी माजली की पाणीच दिसेना. जाळ्यांना वाट व्हावी म्हणून दर उन्हाळ्यात ढिवरच ती उपटून टाकत होते, हे माणसं-माणसं करणाऱ्या तुमच्याही ध्यानात आलं नव्हतं. जोडीनं कोपरा सोडला. माझं धाबं दणाणलं. तुम्ही मात्र पुढच्याच रविवारी एसटी पकडलीत.

अजून डोळ्यांसमोर आहे. तलावाच्या बांधावर गाव जमलंय. कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आधी पाणी, कुणाला नंतर, हे तिथं पावसाळ्याच्या तोंडावर ठरतं आणि दर खेपेस भांडण होतं. तुम्ही मध्येच उभ्या राहून म्हणताय, "कोपरा बंद केला, ते माहं चुकलं. उद्यापासून जाळे टाका." एक म्हातारा ढिवर म्हणाला, "बाई, तुमी आमाले हाकललं, पाखरू आपोआपच गेलं." सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही. हसू ओसरायच्या आत तुम्ही दुसरी गोष्ट काढलीत. पाऊस संपता संपता शेतांसाठी तलावाचं कोपऱ्याकडचं तोंड उघडलं, की घरट्याभोवतीचं पाणी उतरतं आणि कुत्री चालत पिल्लापर्यंत पोचतात, तर ते तोंड उशिरा उघडा. धान पोटरीला आलेलं असताना पाण्यावरचा हक्क कोण सोडणार? कोपऱ्याला लागून ज्याची बांधी होती, तो तर उखडलाच, "माह्या धानानं काय पाप केलं?" शेवटी पाणी वाटून देणारा पाणकर तंबाखू मळत म्हणाला, "सारसाचीबी एक पाळी धरा ना गा. त्यालेबी लेकरं हायेत." मग बरीच घासाघीस झाली. उखडलेल्याला वरच्या तोंडाचं पाणी मिळालं आणि कोपऱ्याकडचं तोंड सगळ्यांत शेवटी, पिल्लू उडायला लागल्यावर उघडायचं ठरलं. तुम्ही कागदावर काही लिहून घेतलं नाहीत. चहा प्यायलात आणि निघालात.

ढिवरांनी बेशरम काढली. जोडी परतली, घरटं झालं, आणि पाऊस ओसरल्यावर आपण दोघी बांधाआड चिखलात बसलो होतो. दुर्बीण तुमच्या डोळ्यांना. तुम्ही एकदम माझा दंड धरलात. "मायबाई! दोघायच्या मधात हाये पाह्य, पिवळं-पिवळं!" एवढ्या मोठ्या प्राध्यापक तुम्ही, आणि जत्रेतल्या पोरीसारख्या हसत होतात.

हे पत्र लकडगंजच्या पत्त्यावर टाकलं तर तिथले आताचे भाडेकरू बुचकळ्यात पडतील, म्हणून ठेवूनच देणार आहे. मी मजेत आहे, बाई. नोकरीभर आधी माणसांना विचारलं, मग पाखरं मोजली, आणि त्यात फार सुख मिळालं. एक तेवढं सांगायचं राहिलं. दुर्बीण माझ्या हातात देऊन तुम्ही विचारलंत, "दिसलं का वं?" मी लगेच म्हटलं, "दिसलं." काही दिसलं नव्हतं. डोळे इतके भरून आले होते, की समोर नुसतं हिरवं हिरवं होतं.