छत्रीवरचा घेवडा

८ फेब्रुवारी

काँक्रीट! अंगणात काँक्रीट ओतणार म्हणे!

जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं — "आई, मार्चअखेर गवंडी येतोय. दारापासून फाटकापर्यंत एकसारखं करून टाकू. गाडी घ्यायचीय." घरात साधी सायकल नाही, आणि म्हणे गाडी! मी म्हटलं, मला तिथे घेवडा लावायचाय. "त्या मातीत आजवर गवत तरी धड उगवलंय का?" सूनबाई खाली मान घालून जेवत राहिली.

ठीक आहे. गवंडी यायच्या आत वेल उभा करून दाखवते. फुललेल्या वेलावर काँक्रीट ओतायची छाती आहे का पोराची, बघूच. आणि बाजारातून काही आणणार नाही. साधं खुरपंसुद्धा मागणार नाही कुणाकडे. घरात आहे तेवढ्यावर भागवीन.

१० फेब्रुवारी

डब्यातला घेवडा काल भिजत घातला होता. आज अंड्यांच्या टरफलांत माती भरून एकेक दाणा खोचला. खिडकीत ओळीने मांडले — बसलेत आपले ऐटीत!

जमीन उकरायला जेवणाचा काटा घेतला. वाकला. दुसरा घेतला. सूनबाई किंचाळली, "आई, तो सेटमधला आहे!" आता नाही.

बसायला न्हाणीघरातलं स्टूल नेलं होतं. उठताना डावा पाय झोपलेला. मेला हल्ली येता-जाता झोपतो.

१७ फेब्रुवारी

उगवले! सगळे!

२० फेब्रुवारी

फजिती. रोपं टरफलांसकट जमिनीत लावली आणि खत म्हणून चहाचा साठवलेला चोथा घातला — न धुता! या घरात चहा साखर घालूनच उकळतो, आणि उकळणारी मीच. तरी डोक्यात आलं नाही. मुंग्यांची ही रांग! रोपांपासून पायरीवर, पायरीवरून थेट चिरंजीवांच्या ऑफिसच्या बुटात. "आईईई!"

सगळा चोथा उकरला, सूनबाईच्या चाळणीत धुतला, परत घातला. तिने बघितलं. हल्ली ओरडत का नाही ही? ओरडली की मला कशी तरतरी येते.

२७ फेब्रुवारी

वेलाला आधार हवा होता. मोडकी छत्री माळ्यावरून काढायला लावली, कापड फाडून काढलं आणि उघड्या काड्यांसकट दांडा जमिनीत रोवला. जुन्या मोज्यांच्या पट्ट्या कापून वेल त्यावर बांधले. पाण्यासाठी बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ती उलटी पुरली, थेंब थेंब पाझरते. झकास!

शेजारचे सल्लागार कुंपणावरून डोकावलेच. (सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, सल्ले देण्यातून नाही.) "वहिनी, वेलाला ऊन लागतं म्हणून छत्री का?" म्हटलं, ऊन नाही, नजर लागते.

चप्पल पायातून कधी निसटली, कळलंच नाही. फाटकाशी सापडली. पट्टा सैल झाला असेल. गेल्या महिन्यात पाय तपासले, त्या डॉक्टरीणबाईंचे रिपोर्ट चिरंजीवांनीच आणले होते. म्हणाला, "ठीक आहेत गं."

९ मार्च

मावा पडला. काचा पुसायच्या फवाऱ्यात साबणाचं पाणी भरलं, जुन्या टूथब्रशने पानांमागून एकेक मावा पुसून काढला. माझ्याशी गाठ आहे!

चिरंजीव टेप घेऊन घराच्या दाराची रुंदी मोजत होते. म्हटलं, गाडी काय दिवाणखान्यात लावणार आहेस? हसला नाही. माझ्या हातातल्या टूथब्रशकडे बघत उभा राहिला आणि आत निघून गेला. हरत चाललाय!

१२ मार्च

पायरीवर पडले. लागलं नाही. कुणाला सांगितलं नाही.

२५ मार्च

फुलं! पांढरीशुभ्र, छत्रीच्या टोकापर्यंत!

पोराला घेऊन गेले दाखवायला. म्हणजे हात त्यानेच धरला होता माझा. म्हटलं, "बघ. आता ओत काँक्रीट." त्याचे डोळे भरून आले. जिंकले मी! पण आनंद व्हायला हवा तेवढा झाला नाही. एवढ्याशा फुलांना कुणी रडतं का?

३० मार्च

गवंडी आला. पोरगा कामावर गेलेला. मी छत्रीसमोर स्टूल टाकून बसले होते. तो म्हणाला, "आजी, खुर्ची केवढ्या रुंदीची घेताय? त्या हिशेबाने उतार करतो."

कसली खुर्ची?

"चाकांची. साहेब म्हणाले, आईचे पाय जाणार आहेत, पायऱ्या उतरता येणार नाहीत. तिला अंगणात जाता आलं पाहिजे." मागे सूनबाई तोंडावर हात दाबून उभी. गाडी-बिडी काही नव्हतीच.

मग मी गवंड्याला म्हटलं, उतार कर. पण छत्रीला वळसा घालून. आणि कडेने मातीचा ओटा बांध, खुर्चीत बसून हात पोचेल एवढ्या उंचीचा. "साहेबांना विचारावं लागेल," म्हणाला. विचार की! सांग, आईने सांगितलंय.

सूनबाईला म्हटलं, रडणं पुरे. सेटमधले उरलेले काटे बाहेर काढ. ओटा लांबलचक होणार आहे.