ठिपक्यांची घरं

सोमवार, सकाळ
आमच्या बबडीचा, म्हणजे नातीचा, पीएचडीचा अभ्यास मला आता पूर्ण समजला. शरीरातली प्रोटीनं एकेकटी काम करत नाहीत, टोळीने करतात. कोण कोणाला चिकटलेलं सापडलं याचा ढीगभर डेटा कॉम्प्युटरला घातला की पडद्यावर ठिपके नि रेघा उमटतात. ठिपका म्हणजे प्रोटीन, रेघ म्हणजे ओळख. त्यावरून टोळ्या चौकटीत बसवायच्या. झालं. शाळा चौथीत सुटली, पण माणसं ओळखण्यात माझा जन्म गेलाय. संकल्प: बबडीला मदत करणे.

मंगळवार
एक ठिपका सगळ्यांशीच जोडलेला. मी म्हटलं, ही घरातली थोरली. बबडी फोनवर होती, तिने मान हलवली. म्हणजे बरोबर.
सूनबाई म्हणाली, आई, तिच्या कामात पडू नका, शुक्रवारी सरांना दाखवायचंय, त्यांना पटलं तरच पेपर छापायला जाणार. पडतंय कोण? मी कडेला उभी असते.

बुधवार, दुपार
बबडी आंघोळीला गेली, कॉम्प्युटर उघडाच. कडेला काही ठिपके अगदी एकटे. बोट लावलं तर सरकतात की! एकेकाला जवळच्या चौकटीत नेऊन बसवलं. थोरलीला सगळ्यात मोठ्या घरात, मधोमध. शेवटी दोन बटणं आली. निळं बरं दिसलं, ते दाबलं. बबडीला सांगायचं नाही. सरप्राइज.
चष्मा बदलायला हवा.

शुक्रवार, सकाळ
सरांनी माझं नाव विचारलं तर काय सांगायचं? नुसतं 'आजी' पुरे.

शुक्रवार, संध्याकाळ
बबडी चपला न काढताच बसली. सरांनी विचारलं, हे ठिपके या टोळीत कशावरून? पुरावा दाखव म्हणाले. पेपर थांबला. सर नवखे असणार. कॉम्प्युटरही जुनाच आहे.
मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आजी, तू हात लावलास?"
"एकटे होते गं."
"एकटे नव्हते. त्यांच्या ओळखी अजून सापडायच्यात."
ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी हळूच विचारलं, आणि थोरली?
"ती सगळ्यांनाच चिकटते, आजी. म्हणून तिला कुठल्याच टोळीत धरत नाहीत. आधी काढूनच टाकतात."

रविवार
बबडी दार लावून सगळं पुन्हा करतेय. चहा नेला, नको म्हणाली. सूनबाईकडे गेले, तर म्हणे भाजी निवडून झाली. मुलाजवळ बसले, तो फोन घेऊन गॅलरीत गेला.
संकल्प: आजपासून कोणाला चिकटायचं नाही.
चहा गार झालाय. गरम करून बबडीला पुन्हा विचारून येते.